नाही आलं तरी चालेल

जानेवारीचा तिसरा आठवडा होता. सोलापुरातला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून होम मैदानावरून उठला नव्हता, त्यामुळे पोरांचं अर्धं लक्ष आकाशपाळण्यात आणि उरलेलं लेझीममध्ये. प्रजासत्ताक दिनाचा सराव रविवारी ठेवला होता. लेझीमच्या यादीत ज्यांचं नाव नाही त्यांनी यायची गरज नाही, एवढीच सूचना द्यायची होती. पाचवीचा इंग्रजीचा तास नुकताच संपला होता, म्हणून मी हौसेनं मॉनिटर मुलीला म्हटलं, "इंग्रजीत लिही बघू फळ्यावर." तिनं खडू घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘अदर्स मस्ट नॉट कम ऑन संडे.’ स्पेलिंग बरोबर, पूर्णविरामसुद्धा जागेवर. मी धड न वाचताच "व्हेरी गुड" म्हटलं आणि हजेरी घेऊन ऑफिसात गेले.

सोमवारी सकाळी मागच्या बाकावरच्या एका मुलाची मोठी बहीण वर्गाच्या दारात उभी. बारावीला असलेली. भावाची वही तिच्या हातात. "मॅडम, ह्याला का येऊ नको म्हणलाव? काय केलाय त्यानं?"

झालं होतं असं की मुलानं सूचना वहीत उतरवून घेतली. घरी बहिणीनं ती वाचली आणि जो अर्थ होतो तोच सांगितला: तुला रविवारी शाळेत यायला मनाई आहे. पोरगं रविवारभर तोंड पाडून बसलं होतं. मी बहिणीची समजूत काढली, मुलाच्या डोक्यावर हात फिरवला. इकडे मॉनिटर मुलगी रडकुंडीला आलेली. पण तिचं काय चुकलं होतं? मी शिकवलेला हिशेब तिनं चोख मांडला होता. मस्ट म्हणजे पाहिजे. ‘यायला पाहिजे असं नाही’ यात एक ‘पाहिजे’ आणि एक ‘नाही’. म्हणजे मस्ट आणि नॉट. बेरीज बरोबर, उत्तर चूक.

चूक माझ्या तक्त्यात होती. दिवाळीनंतर सहायक क्रियापदांचा हा भाग सुरू केला तेव्हा मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखले होते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. कॅन – शकतो. मे – परवानगी. मस्ट – पाहिजे. शुड – पाहिजे. हॅव टू – पाहिजे, लागतं. मला स्वतःला असंच शिकवलं होतं. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं, एबीसीडीसकट. २००० सालापासून ते पहिलीपासून आलं. म्हणजे माझ्या पाचवीतल्या पोरांनी चार वर्षं इंग्रजी ऐकून झालेलं आहे आणि मी मात्र त्यांना माझ्या पाचवीतला तक्ता देत होते. ‘पाहिजे’ तीन ठिकाणी लिहिताना माझा हात अडखळला नाही, याचं मला आता नवल वाटतं. त्यात ‘पाहिजे’चा आणखी एक घोळ. "मला चहा पाहिजे"मधलाही तोच. एका वहीत ‘आय मस्ट चॉकलेट’ सापडलं, दुसरीत ‘आय वॉन्ट गो होम’ आणि खाली कंसात मराठीत ‘मला घरी गेलं पाहिजे’.

रचनेचा भाग त्या मानानं लवकर बसला, पण तोही सुखासुखी नाही. त्याआधी दोन महिने मी ‘ही गोज, शी ईट्स’ करत त्यांच्या जिभेवर ‘एस’ चढवला होता. तो नेमका चढला आणि मी सांगायला लागले की कॅन आला की ‘एस’ काढा. ‘ही कॅन्स स्विम’, ‘ही कॅन स्विम्स’, एकानं तर दोन्हीकडे लावून ठेवला होता, कुठला तरी बरोबर येईल या हिशेबानं. मग पोरांनाच शब्द केलं. एकजण ‘ही’, एक ‘कॅन’, एक ‘स्विम’, प्रत्येकाच्या छातीवर पाठकोरा कागद. एका मुलीला ‘एस’ केलं. ‘ही स्विम्स’ असताना ती ‘स्विम’चा हात धरून उभी. ‘कॅन’ मध्ये येऊन उभा राहिला की तिनं जागेवर जाऊन बसायचं. प्रश्न करायचा तर ‘ही’ आणि ‘कॅन’ यांनी जागा बदलायच्या, मध्ये ‘डज’ला बोलवायचं नाही. ‘नॉट’ आला की त्यानं ‘कॅन’च्या पाठीला चिकटायचं. चौथ्या दिवशी ‘एस’ झालेली मुलगी म्हणाली, "मॅडम, मला दुसरं काहीतरी करा की. मी नुसती बसूलालेय." मला तेव्हाच कळलं की नियम कळलाय. बाकी ‘कॅन टू स्विम’मधला ‘टू’ अजून काही वह्यांतून जात नाही, तो भाग वेगळा.

खरी मजा अर्थापाशी. ‘कॅन’ घेताना मी विचारलं, कोणाला काय येतं? पहिल्याच वाक्याला ‘मी कॅन स्विम’. इंग्रजीतला ‘मी’ वेगळा, हे चार वर्षांत ढीगभर वेळा सांगितलेलं. पण सांगायच्या नादात आपली भाषाच आधी तोंडात येते. आणि मुळात आपण "मी पोहू शकतो" म्हणतो कुठे? आपण म्हणतो "मला पोहता येतं". ‘पोहू शकतो’ म्हणजे दम आहे, तब्येत बरी आहे, विहिरीला पाणी आहे. ‘पोहता येतं’ म्हणजे शिकलोय. माझा तक्ता ‘शकतो’ म्हणत होता आणि पोरांच्या तोंडी ‘येतं’ होतं. आमची शाळा पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात. वर्गात निम्म्याहून अधिक पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, दोघांच्या घरी उर्दू. मी विचारलं, तुमच्याकडे कसं म्हणता? "नाकु ईत वच्चु," तेलुगूवाले म्हणाले. "ननग ईजाक बरतद," एक कन्नड मुलगी म्हणाली. दोन्हींत पोहणं माणसाकडे येतं, आपल्यासारखंच. इंग्रजीत माणूस स्वतः पुढे येऊन उभा राहतो, ‘आय’ म्हणून. हे फळ्यावर मांडल्यावर ‘मी कॅन’ बरंच कमी झालं. नियम म्हणून सांगत होते तोवर झालं नव्हतं.

त्याच तासाला कोणाला काय येतं याची यादी लांबत गेली. सायकल, रांगोळी, भाकरी थापणं (ती गोल होते का, यावर वाद), मांज्याची फिरकी गुंडाळणं. एकानं "आय कॅन फिल कांडी" म्हटलं. मागाची कांडी भरता येते याचा त्याला अभिमान होता. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "आय कॅन टाय विडी." तिची आई विड्या वळते. मी विचारलं, तू पण करतेस? म्हणाली, वळत नाही, संध्याकाळी फक्त दोरा गुंडाळते, आईची हजारी, म्हणजे हजार विड्या, पूर्ण होईपर्यंत. वाक्य बरोबर होतं. मी "गुड" म्हणाले का नाही, आठवत नाही. पुढच्या मुलाला उभं केलं एवढं आठवतं.

‘कान्ट’चं एक दुखणं सांगून ठेवते, कारण नव्या शिक्षकांना ते हमखास भेटेल. आम्ही ‘कान्ट’ म्हणायला शिकलो. पोरं मोबाइलवर जे बघतात त्यात अमेरिकन उच्चार असतो, ‘कॅन्ट’सारखा, आणि त्यातला ‘ट’ शेवटी गिळलेला. ‘आय कॅन’ आणि ‘आय कॅन्ट’ कानाला एकच लागतं, अर्थ मात्र उलटा. मी हट्टानं ‘कान्ट’च ठेवला. कोणता उच्चार चांगला, या वादात मला पडायचं नाही. मागच्या बाकावर, मागाच्या आवाजात, ‘नाही’ ऐकू तर आलं पाहिजे.

‘मे’ सगळ्यांना येतो, असं पोरांना वाटतं. ‘मेआयकमिन’ हा त्यांच्या लेखी एकच शब्द आहे, पहिलीपासून पाठ. आत येताना तो म्हणतात, लघवीला जाताना म्हणतात, एकदा डबा खाताना एकानं माझ्यापुढे लोणच्याची बाटली धरून म्हटलं. तो फोडून चार शब्द आहेत हे दाखवण्यात एक तास गेला. नंतर ‘इट मे रेन’ घेतलं आणि मागून आवाज आला, "पावसाला पण परवानगी लागते का, मॅडम?" वर्ग हसला. प्रश्न मात्र अगदी रास्त होता. तक्त्यात ‘मे – परवानगी’ एवढंच लिहिलेलं. मी परवानगी आणि शक्यता असं काहीतरी बोलायला लागले, तेवढ्यात एक तेलुगू मुलगा म्हणाला, आमच्यात पण तसंच आहे. ‘वेळ्ळवच्चु’ म्हणजे तू जा, जायला हरकत नाही. ‘वर्षं रावच्चु’ म्हणजे पाऊस येईल, येणारही नाही. आणि पोहायला येतं म्हणतानाचा ‘वच्चु’ही तोच. कॅन आणि मे मिळून जेवढा पसारा, तेवढा एका ‘वच्चु’च्या पोटात. मला तेलुगू पोटापुरतीच कळते, रिक्षावाल्याशी आणि भाजीवालीशी बोलण्याइतकी. पण त्या दिवशी मी ‘मे’ शिकवायचं थांबवलं आणि त्याला शिकवू दिलं.

(परवानगीला ‘कॅन’ चालतो की ‘मे’च हवा, असं पालक विचारतात. बोलण्यात दोन्ही चालतात, ‘मे’ जरा अदबीचा. आमच्या वेळी ‘कॅन आय’ म्हटलं की बाई म्हणायच्या, "यू कॅन, बट यू मे नॉट." तो विनोद आम्हाला दहावीत कळला.)

आता ‘पाहिजे’. फळ्यावरच्या सूचनेचं प्रकरण झाल्यावर मी तक्ता उतरवला आणि ठरवलं की शब्दाला शब्द द्यायचा नाही. वाक्य कोण कोणाला म्हणतंय ते आधी विचारायचं. आई जिन्यात उभी राहून म्हणते, "आत्ताच्या आत्ता अभ्यासाला बसलंच पाहिजे." हा मस्ट. त्यातला ‘च’ महत्त्वाचा. तीच आई शेजारणीला म्हणते, "काय करणार, पाणी आलंय, भरावं लागतं." हा हॅव टू. त्यात तिची मर्जी नाही, परिस्थितीच तशी आहे. डॉक्टर म्हणतात, "रोज फळं खावीत." हा शुड, नाही खाल्ली तर कोणी पकडून नेत नाही. इंग्रजीत मस्ट आणि हॅव टू यांची सीमा एवढी काटेकोर नाही, हे मला माहीत आहे; पुष्कळदा एकाच्या जागी दुसरा चालतो. पण पाचवीतल्या पोराला धरायला काहीतरी लागतं आणि ‘लागतं’ हा शब्द त्याला चांगला धरता येतो.

पाण्याचं उदाहरण सोलापुरात समजावून सांगावं लागत नाही. उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानंच येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी माझ्या पटावर चार-पाच मुलं कमी असतात. त्यावरूनच हॅव टू घेतलं. ‘माय मदर हॅज टू फिल वॉटर.’ इथं ‘एस’वाली मुलगी आनंदानं उठून उभी राहिली, कारण ‘हॅव’चा ‘हॅज’ होतो. बाकीचे वैतागले की आत्ता तर काढ म्हणालात. मी सांगितलं, हा मूळ घरातला नाही, पाहुणा आहे, ह्याला ‘एस’ही चालतो आणि ‘डू’ही. भूतकाळही ह्याच्याकडेच, मस्टला स्वतःचा भूतकाळ नाही, तो ‘हॅड टू’कडून उसना घ्यावा लागतो. "काल पाणी भरावं लागलं" हे ‘मस्ट’नं सांगताच येत नाही.

आणि मग नकार. मी सूचनेचं ते वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, मराठीत सांगा. "यायला नको," वर्ग म्हणाला. नको म्हणजे? बंदी आहे की गरज नाही? शांतता. "रविवारी यायला नको" म्हणताना आपल्याला सुट्टीचा आनंद असतो, आणि "तिकडे जायला नको, कुत्रं आहे" म्हणताना धाक असतो; शब्द तोच. मराठीत ‘येता कामा नये’ आहे, ‘यायची गरज नाही’ आहे, सगळं आहे. पण घाईच्या बोलण्यात ‘नको’ सगळ्यांची कामं उरकतो.

तेव्हा, ज्याच्या बहिणीनं मला दारात गाठलं होतं तो मुलगा उठला. वर्षभरात स्वतःहून तो पहिल्यांदाच उठला असावा. म्हणाला, "आमच्यात दोन आहेत. राकूडदु आणि रानक्करलेदु." पहिलं म्हणजे यायचंच नाही. दुसरं म्हणजे नाही आलं तरी चालतं. मग कन्नड मुलीनंही आपली जोडी काढली, ‘बरबारदु’ आणि ‘बरबेकंत इल्ल’. मी दोन रकाने केले. एकावर ‘मस्ट नॉट’, दुसऱ्यावर ‘डोन्ट हॅव टू’. खाली तेलुगू, कन्नड, आणि मराठीत ‘कामा नये’ आणि ‘नाही तरी चालतं’. ‘नीड नॉट’ही सांगता आला असता. मुद्दाम सांगितला नाही. एका आठवड्यात एकच पाहुणा. ‘राकूडदु’ लिहिताना माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असावं, पण त्या मुलानं मला दुरुस्त केलं नाही, खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी बाकं सरकवली. डावी भिंत मस्ट नॉट, उजवी भिंत डोन्ट हॅव टू. मी मराठीत गोष्ट सांगणार, पोरांनी पळत जाऊन भिंत पकडायची आणि इंग्रजीत वाक्य म्हणायचं. मोटर चालू असताना मागात हात: सगळे डावीकडे, क्षणाचाही विचार नाही. रविवारी गणवेश: उजवीकडे. गड्ड्यात आईचा हात सोडणं: डावीकडे, दोन धीट मुलं मध्येच थांबली. संक्रांतीला काळे कपडे: उजवीकडे. नंदीध्वजाच्या (गड्ड्यातल्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीत पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा): इथं फूट पडली. एकाचा काका नंदीध्वज धरणाऱ्यांत आहे, तो म्हणाला धरणाऱ्याला घालावीच लागते, बघणाऱ्याला नाही. म्हणजे ‘ही हॅज टू, वुई डोन्ट हॅव टू’. हे वाक्य मी शिकवलं नव्हतं, त्यानं स्वतः जुळवलं.

मग मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हटलं, "पाणी येतं त्या दिवशी शाळा."

सगळा वर्ग उजव्या भिंतीला. एकही पोरगं मध्ये नाही, डावीकडे नाही. "ऑन वॉटर डे वुई डोन्ट हॅव टू कम टू स्कूल!" एका सुरात. शेजारच्या वर्गावरच्या सरांनी डोकावून बघितलं. व्याकरणाच्या दृष्टीनं मला त्यात काही काढता आलं नाही.

उरलेलं भराभर झालं. ‘कुड यू’साठी दोन दिवस पुरले. "पेन दे की बे" हा कॅनसुद्धा नाही, ती थेट आज्ञा आहे. "जरा पेन देतोस का" म्हणजे ‘कुड यू’. आपला नम्रपणा त्या ‘जरा’त आणि ‘का’त असतो, त्यांचा क्रियापद भूतकाळात सरकवण्यात. ‘शॅल’ आणि ‘ऑट टू’ मी फक्त वाचून दाखवले. कोणी ‘ऑट टू’ न वापरता वरच्या वर्गात गेलं तर माझं काही म्हणणं नाही.

फेब्रुवारीत एक छोटी चाचणी घेतली. घरच्या कामाबद्दल चार वाक्यं, दोन होकाराची, दोन नकाराची. ‘कॅन टू’ अजून आहे. ‘आय मस्ट चॉकलेट’ लिहिणाऱ्यानं या वेळी ‘आय वॉन्ट टू चॉकलेट’ लिहिलं, म्हणजे निदान शब्द तरी बदलला. मागच्या बाकावरच्या त्या मुलाची चारही वाक्यं बरोबर. विडीचा दोरा गुंडाळणाऱ्या मुलीनं दोनच लिहिली होती.

‘ऑन वॉटर डे आय हॅव टू फिल वॉटर. माय ब्रदर डझन्ट हॅव टू.’

‘डझन्ट’च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर राहिलं होतं. ते लाल शाईनं घातलं आणि दोन्ही वाक्यांवर बरोबरची खूण केली.